बाष्पीभवनाचे ऋण : कोलोराडोतील वाळू-गोट्यांच्या खाणी आणि पाणीहक्कांचा इतिहास

प्रस्तावना :
अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेन्व्हर व परिसरातील शहरांच्या बांधकामासाठी साउथ प्लॅट नदी व तिच्या उपनद्यांच्या काठी वाळू व गोटे यांचे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले. नदीकाठी भूजल थोड्याच खोलीवर असते. उत्खनन त्या पातळीखाली गेले की खड्ड्यात पाणी साचते आणि खाण संपल्यावर तेथे तळे उरते. या तळ्यातून कोणी पाणी उपसत नाही. तरीही ऊन व वारा ते सतत उडवून नेतात आणि ती तूट भूजलामार्फत अखेर नदीलाच सोसावी लागते. ही तूट कोणी भरून द्यावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अग्रहक्काची पार्श्वभूमी :
१८७० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीली येथील वसाहतीचे १८७४ च्या कोरड्या उन्हाळ्यात कॅश ला पूडर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या फोर्ट कॉलिन्सशी पाण्यावरून भांडण झाले. ‘जो आधी वापरील त्याचा हक्क आधी’ हे तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेत आले. १८८२ मध्ये कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील जमीनमालकीतून येणारा हक्क नाकारला. टंचाईच्या काळात जुन्या हक्काचे पाणी पूर्ण होईपर्यंत नव्या हक्कधारकाला थांबावे लागते, हा या व्यवस्थेचा गाभा होय.

विसाव्या शतकात पंपांमुळे विहिरींची संख्या वाढली व नदीचे पाणी जमिनीखालून ओढले जाऊ लागले. १९६९ च्या कायद्याने नदीशी जोडलेले भूजल व नदीचे पाणी एकाच हक्कक्रमात आणले आणि ‘भरपाई योजने’ची तरतूद केली. नव्या वापरकर्त्याने आपल्यामुळे पडणारी तूट दुसऱ्या पाण्याने, योग्य वेळी व योग्य ठिकाणी भरून द्यावी, म्हणजे त्याला पाणी घेता येईल. १९७४ च्या शेल्टन फार्म्स निर्णयात न्यायालयाने आणखी एक वाट बंद केली. नदीकाठची पाणी शोषणारी झाडे तोडून वाचलेल्या पाण्यावर अग्रहक्कक्रमाबाहेरचा नवा हक्क सांगता येत नाही, असे ठरले.

खड्डा म्हणजे विहीर :
१९८८ मध्ये थ्री बेल्स रँच व झिगन या दोन खटल्यांत हाच विचार खाणींना लागू झाला. दोन्हींत प्रतिपक्ष कॅश ला पूडर नदीच्या पाणीवापरकर्त्यांचा संघ होता. भूजल उघडे पाडणारा खाणीचा खड्डा कायद्याच्या अर्थाने ‘विहीर’ ठरतो, असा निर्णय झाला. पंप नसला तरी परिणाम तोच, हे या निर्णयांमागील तत्त्व होते.

या निर्णयांनंतर १९८९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. भूजल उघडे पाडणाऱ्या खाणींना परवाना व भरपाई योजना बंधनकारक झाली. मात्र ३१ डिसेंबर १९८० पर्यंत ज्या खाणींत भूजल उघडे पडले होते, त्यांच्या बाष्पीभवनाला भरपाईतून सूट मिळाली. पाणी दोन्ही तळ्यांतून सारखेच उडते. एकाची तूट मालक भरतो, दुसऱ्याची नदी. अग्रहक्काच्या क्रमामुळे नदीवरील या तुटीची झळ सर्वांत आधी कनिष्ठ हक्कधारकांना बसते.

ऋणाची मुदत :
या दायित्वाचा आकार साध्या हिशेबाने कळतो. एक एकर पृष्ठभागावरून वर्षाकाठी तीन फूट पाणी उडाले, तर सुमारे ३७ लाख लिटर पाणी भरून द्यावे लागते. वाळू-गोट्यांचा साठा काही वर्षांत संपतो. तळे मात्र कायम राहते. म्हणून मालकापुढे तीनच मार्ग उरतात : खड्डा बुजवणे, कायमस्वरूपी पाणीहक्क या तळ्यासाठी बांधून ठेवणे, किंवा चिकणमातीचे अस्तर अथवा भूमिगत भिंत घालून खड्डा भूजलापासून तोडणे. अशा अस्तरासाठी राज्य अभियंत्याने १९९९ मध्ये निकष ठरविले. अस्तर घातलेले अनेक खड्डे पुढे साठवण जलाशय म्हणून उपयोगात आले. मालकाने मधेच हात वर केले तर तूट नदीवर पडू नये, यासाठी २०१० पासून खाण नियामकांनी या दायित्वाला आर्थिक हमीशी जोडले.

निष्कर्ष :
१. वापराचा हेतू नसतानाही, केवळ भूजल उघडे पाडण्यातून पाण्याचे दायित्व निर्माण होते, हे तत्त्व कोलोराडोत १९६९ ते १९८९ या दोन दशकांत आकाराला आले.
२. १९८० ची सीमारेषा ही निसर्गाने नव्हे, तर राजकीय तडजोडीने आखलेली दिसते. तिचा भार जुन्या खाणमालकांवर न पडता नदीवरील इतर हक्कधारकांवर पडला.
३. खनिजाचा लाभ अल्पकालीन, पण पाण्याचे ऋण दीर्घकालीन असते. म्हणून उत्खननाला परवानगी देतानाच त्या ऋणाची तजवीज करणे न्याय्य ठरते.