अर्ध्या वेगाचं घराणं

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ विनाइलवर घ्यायचा ठरवला, की एकाच अल्बमच्या कितीतरी तबकड्या समोर येतात. १८० ग्रॅम, २०० ग्रॅम, हाफ-स्पीड, जपानी प्रेसिंग अशा एकेका शब्दागणिक किंमत वर चढते. या शब्दांचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण पोचतो चार स्पीकरांच्या ध्वनीपाशी, म्हणजे बाजारात सपशेल आपटलेल्या एका प्रयोगापाशी.

त्या ध्वनीचं वेड फ्लॉइडला आधीपासून होतं. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी श्रोत्यांच्या चहूबाजूंनी आवाज फिरवला. त्यासाठीचं ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ हे यंत्र अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या बर्नार्ड स्पाइट या तंत्रज्ञाने बनवलं होतं. सभागृहात हे जमलं. पण घरातल्या तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात, आणि दोन भिंतींवर चार वाटांचा आवाज कोरायचा कसा, हा प्रश्न होता.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसी कंपनीने त्यावर सीडी-४ ही पद्धत आणली. नेहमीच्या संगीताच्या वर, ३० किलोहर्ट्‌झच्या आसपास, एक वाहक लहर कोरायची आणि पुढच्या आणि मागच्या स्पीकरांमधल्या फरकाची माहिती तिच्यावर लादायची. माणसाच्या कानाची धाव २० किलोहर्ट्‌झपर्यंत. इथे तर ४५ किलोहर्ट्‌झपर्यंत कोरायचं होतं. एवढ्या वेगाने थरथरताना कोरणीचं डोकं तापून निकामी होण्याची भीती. म्हणून टेपही हळू फिरवायची आणि तबकडी कोरणारी लेथही: आधी २.७ पटींनी हळू, पुढे निम्म्या वेगाने. ती नाजूक लहर सुईने खरवडून जाऊ नये यासाठी विनाइलचं वेगळं, चिवट मिश्रण तयार झालं, आणि खाचेला जास्त उंचीपर्यंत टेकणारी सुई नोरिओ शिबाता यांनी घडवली. शिबाता सुई आजही विकली जाते.

चार स्पीकर मात्र घरोघर पोचले नाहीत. एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींनी गिऱ्हाईक गोंधळलं. खुद्द ‘डार्क साइड’ची चार-स्पीकरी आवृत्ती ईएमआयने एसक्यू नावाच्या दुसऱ्याच पद्धतीने काढली होती. दशक संपेपर्यंत सगळा व्यवहार बसला. उरली ती त्याच्यासाठी जमवलेली हत्यारं आणि ती चालवणारे हात.

त्यातले एक हात स्टॅन रिकर यांचे. लॉस एंजेलिसमधल्या जेव्हीसीच्या कटिंग सेंटरमध्ये ते काम करत. वाफेच्या रेल्वे इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या ब्रॅड मिलर यांच्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीने १९७७मध्ये गाजलेले अल्बम मूळ टेपवरून नव्याने काढायचं ठरवलं, तेव्हा रिकर ते अर्ध्या वेगाने कोरू लागले आणि तबकड्या जपानमध्ये जेव्हीसीच्या मिश्रणातून निघू लागल्या. काळही अनुकूल होता. १९७३च्या तेलटंचाईनंतर विनाइल महागलं होतं, तबकड्या पातळ झाल्या होत्या, जुना माल वितळवून वापरला जात होता. चरचर ऐकून वैतागलेला श्रोता जास्त पैसे मोजायला तयार होता. ‘डार्क साइड’ या मालिकेत १९७९मध्ये आला. पुढे कंपनीने यूएचक्यूआर नावाने २०० ग्रॅमच्या, क्रमांक घातलेल्या, पेटीतल्या तबकड्या काढल्या. त्यातही हा अल्बम होता. आजच्या जाडजूड तबकडीची वंशावळ इथे लागते.

अर्ध्या वेगात २० किलोहर्ट्‌झचा स्वर कोरणीला १० किलोहर्ट्‌झचा भासतो. ती न दमता तो रेखते. झांजांची किणकिण आणि ‘डार्क साइड’मधल्या घड्याळांचा गजर स्वच्छ उमटतो. उलट खर्जही निम्म्यावर उतरतो आणि टेपयंत्राला तो नीट वाचणं जड जातं. शिवाय बावीस मिनिटांची बाजू कोरायला चव्वेचाळीस मिनिटं लागतात, तीही ओळखू न येणारं संगीत ऐकत.

वजनाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. १८० ग्रॅमच्या तबकडीतली खाच १२० ग्रॅमच्या तबकडीपेक्षा खोल नसते. जडपणामुळे तबकडी सपाट राहायला मदत होते, हातात घेताना समाधान मिळतं, आणि ते समाधान मी खरं मानतो. पण लांब रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकची खरी अडचण वजनाने सुटत नाही. मिनिटाला ३३ फेऱ्या (आरपीएम) घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तिथे कमी जागेत तेवढंच संगीत दाटीने बसवावं लागतं. जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’मधलं ‘सपर्स रेडी’ जवळजवळ २३ मिनिटांचं. त्याचा सर्वांत भव्य भाग शेवटी, म्हणजे तबकडीच्या सर्वांत गैरसोयीच्या जागी येतो. ४५ आरपीएमवर काढलं तर खाचेला ऐसपैस जागा मिळते, पण मग एका बाजूवर चौदा-पंधरा मिनिटंच नीट मावतात आणि रचना मधोमध तोडावी लागते. एकसंध ऐकण्यासाठीच लिहिलेल्या संगीतावर हा अन्याय आहे. मी ३३चीच तबकडी निवडतो, चांगल्या हाताने कोरलेली.

तो हात वेष्टनावरून नेहमीच कळतो असं नाही. याच मोबाइल फिडेलिटीच्या अनेक ‘मूळ टेप’वाल्या तबकड्या मध्ये डिजिटल टप्पा घेऊन बनल्याचं २०२२मध्ये उघड झालं, तेव्हा संग्राहकांत खळबळ माजली होती. म्हणून जाणकार तबकडी उजेडात तिरकी धरून लेबलाभोवतीची कोरी पट्टी वाचतात. ‘डार्क साइड’च्या पहिल्या ब्रिटिश प्रेसिंगला लेबलावरचा भरीव निळा त्रिकोण शोधतात. रिकर यांच्या कामावर त्या पट्टीत त्यांची आद्याक्षरं आणि पुढे भागिले दोन असं कोरलेलं सापडतं: एसआर/२.