रोहिणीचा पाऊस आणि आठ दिवसांचा अंदाज



वैशाख सरत आला की आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर एकच विषय असतो. पाऊस. धुळे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. घाट उतरून बीडच्या पलीकडे गेलं की गंगथडीचं सपाट, काळं रान लागतं. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.) या दिवसांत दुपारनंतर ढग येतात, वावटळ उठते आणि वळीव एका शिवारात कोसळून शेजारचं शिवार कोरडं ठेवतो.

परवा नातवाने मोबाईल पुढे केला. "आजोबा, शुक्रवारी पाऊस. साठ टक्के."

मी विचारलं, "साठ टक्के म्हणजे काय रे?" त्याला सांगता येईना. म्हटलं, या प्रश्नाचा इतिहास एकदा लिहूनच काढावा.

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. रोहिणीत दोन दिवस चांगला पाऊस झाला. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक, म्हणजे पाऊस भरपूर. आमच्या अण्णांनी बाजरी आणि मूग पेरून टाकला. उगवण सुरेख झाली. पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं. कोंब डोळ्यांदेखत करपले. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या, त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. अण्णा पंचांगाला काही बोलले नाहीत. "घाई माझीच झाली," एवढंच म्हणाले.

हे वाहन काढतात कसं, ते मला मोठेपणी कळलं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, आणि जी बाकी उरेल तिच्यावरून हत्ती, घोडा, म्हैस, गाढव वगैरे ठरवायचं. म्हणजे कोकणाला आणि बीडला वाहन एकच! पण नक्षत्रांना मी नावं ठेवणार नाही. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ जूनच्या आसपास. पेरणीपूर्वी कोणती कामं कधी उरकायची, हे त्या हिशेबाने शेतकऱ्याला बरोबर कळायचं. दिनदर्शिका म्हणून ती उत्तम होती, फक्त येत्या शुक्रवारचं तिला सांगता येत नव्हतं.

आपलं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. लगेच १८७६ ते ७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ आला आणि पाऊस आधी सांगता येईल का, हा प्रश्न सरकारला पडला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून आडाखा बांधला आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा रीतसर अंदाज निघू लागला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथेच १९३२ साली एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामान सांगू लागले.

त्या रेडिओवरचे शब्द आठवतात ना? "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." आम्ही हसायचो, की हे कधी चुकणारच नाही! पण 'तुरळक ठिकाणी' याला खात्याच्या भाषेत ठरलेला अर्थ आहे. त्या भागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. म्हणजे पाऊण मराठवाडा कोरडा राहणार, हेही त्याच वाक्यात सांगितलेलं असायचं. ते आम्हाला कुणी समजावलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

या न समजण्याची किंमत मोठी असते. २०१७ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी थेट दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरलं आणि पाऊस आला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खात्याचा अंदाज होता देशभरात सरासरीच्या ९८ टक्के पावसाचा, प्रत्यक्षात ९५ टक्के झाला. देशाच्या हिशेबात अंदाज फारसा चुकला नाही. पण देशाच्या सरासरीवर आनंदगावात बी उगवत नाही! मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

त्यानंतर गाडी बरीच पुढे आली आहे. जिल्ह्यावार अंदाज २००८ पासूनच मिळू लागले होते. आता परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने तयार केलेली 'भारत' ही अंदाज प्रणाली सुरू झाली. ती सहा-सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामान मांडते. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरची होती.

त्याच महिन्यात कसोटीही लागली. मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत, म्हणजे नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. आमच्याकडेही मेमध्येच रानं भिजली. पेरायला हात शिवशिवत होते. पण पुढे पाऊस ओढ देईल, पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाने बजावलं. आणि खरंच, जूनच्या मध्यापर्यंत मान्सून जागच्या जागी थबकला. ज्यांनी ऐकलं त्यांचं बियाणं वाचलं. अण्णांच्या वेळी असं सांगणारं कुणी असतं तर... असो.

नातवाला मी शेवटी सांगितलं ते असं. साठ टक्के म्हणजे असं दहा वेळा सांगितलं, तर सहा वेळा पाऊस पडेल आणि चार वेळा पडणार नाही. सांगणारा दोन्ही वेळा खराच ठरतो, पण त्या चार वेळांचं नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. म्हणून अंदाज ऐकायचा, पण पेरायचं ते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वीतभर ओल हाताने बघून.

तो म्हणाला, "मग शुक्रवारी काय करायचं?"

म्हटलं, "सरपण आत घे आणि कडब्यावर ताडपत्री टाक. तेवढ्याला साठ टक्के पुरेत. पेरणीला नाहीत."

तुमच्याकडे वळीव झाला का? जरूर कळवा.