तरंगा : स्थिर पाण्यांतील गळाची कथा

तळ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य दिसला कीं, आपणां शहरवासीयांच्या मुद्रेवर थोडेंसें हसूं उमटतें. ‘दुसरा उद्योग नसावा बिचाऱ्याला,’ असें आपण मनाशीं म्हणतों आणि पुढें चालूं लागतों. त्या मनुष्याची दृष्टि मात्र पाण्यावरच्या एका बोटभर वस्तूवर खिळलेली असते. भेंडाचा एक तुकडा, मोरपिसाची दांडी, क्वचित् सुकलेल्या बोरूचें कांडें, एवढीच ती वस्तु. तिला आपण तरंगा म्हणूं. ‘गळाला लागणें’ हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. परंतु मासा गळाला लागला हें कांठावरील मनुष्याला कळतें कसें, याचा विचार सहसा करीत नाहीं. तें कळतें या तरंग्यामुळें. आज त्याचीच हकीकत मी सांगणार आहें, आणि ती सांगतांना आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पाण्याचीही थोडी हकीकत सांगावी लागेल.

वाहत्या नदींत तरंग्याचें फारसें अडत नाहीं. प्रवाह दोरी ताणून धरतो, आणि माशानें आमिषाला तोंड लावलें कीं तो हिसका थेट बोटापर्यंत येतो. स्थिर पाण्याची गोष्ट निराळी. तेथें दोरी सैल पडते, आमिष तळाच्या चिखलांत किंवा शेवाळांत रुतून बसतें, आणि वर बसलेल्याला खालचें कांहींच कळत नाहीं. ही अडचण तरंगा दूर करतो. आमिष जितक्या खोलीवर हवें तितक्याच खोलीवर तो तोलून धरतो; आणि खालीं कोणी आमिषाला शिवलें तर डोलून, आडवा होऊन किंवा बुडी घेऊन त्याची वर्दी देतो. अपारदर्शक पाण्यावर ठेवलेला तो एक बोलका पहारेकरी आहे म्हणाना.

हें ज्ञान आपल्या देशांत नवें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, या त्यांतील उल्लेखामुळें मराठी वाचकांना तो परिचित आहे. त्या वेळीं नगर-नाशिक भागांत सत्ता असलेले यादव हे चालुक्यांचेच मांडलिक होते; तेव्हां हा ग्रंथ आपणांस परका नव्हे. राजानें मन कसें रमवावें हें सांगणाऱ्या विनोदप्रकरणांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र अध्याय आहे. समुद्रांतले मासे कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणतें खाद्य रुचतें, त्यांना ठराविक जागीं खाऊं घालून कसें लळा लावावा, आणि मग दोरी, काठी व गळ यांची सिद्धता कशी करावी, याचें विवेचन त्यांत येतें. गळ टाकणें ही केवळ पोटाची सोय नसून निरीक्षणाची विद्या आहे, हें त्या राजाला पुरतें ठाऊक होतें. संस्कृत कोशकारांनींही ‘तरंड’ या शब्दाच्या अर्थांत होडी व तराफा यांच्या जोडीस गळाच्या दोरीवरचा तरंगा नोंदविला आहे. वस्तु असल्याखेरीज तिला शब्द मिळत नाहीं.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर या पंडितांनीं संपादिला. त्याचा पहिला खंड १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला. संपादकांच्या आडनांवांतच आपल्या जिल्ह्यांतील श्रीगोंदें आहे, हा एक मौजेचा योग. पुढें १९५१ सालीं मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं ‘मत्स्यविनोदा’वर विस्तृत लेख लिहून त्यांतील माशांची ओळख शास्त्रीय दृष्टीनें पटविण्याचा प्रयत्न केला.

आतां आणखी एक योग पाहा. मलिक अहमद निजामशहानें १४९४ सालीं अहमदनगर शहराचा पाया घातला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, १४९६ सालीं, इंग्लंडमध्यें विंकिन द वोर्ड या मुद्रकानें गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध छापून प्रसिद्ध केला. एका मठाधिकारी स्त्रीच्या नांवावर तो मोडतो. परंतु तिचें कर्तृत्व सिद्ध झालेलें नाहीं. त्यांत पाइक नांवाच्या माशाची युक्ति दिली आहे. पाइक हा थंड देशांतला हिंस्र मासा. बदकासारखी लांब चपटी चोंच, तोंडभर दांत, आणि शेवाळाच्या आड निश्चल उभें राहून भक्ष्यावर एकदम झेप घेण्याची संवय. त्याच्यासाठीं एक लहान मासा तारेला बांधलेल्या गळास ओंवावा, गळापासून सुमारें एक वार अंतरावर शिसें लावावें, गळ व शिसें यांच्या मधोमध तरंगा बांधावा आणि पाइकाच्या वावराच्या डोहांत तें सर्व सोडावें, असा त्या प्रबंधाचा आशय आहे. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथांतही पाइकाला स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. सव्वापांचशें वर्षें लोटलीं. रेशमाच्या व घोड्याच्या केसांच्या दोरीच्या जागीं नायलॉन आलें. पण तार, शिसें व तरंगा हीं साधनें तींच राहिलीं आहेत.

पाइक आपल्याकडे नाहीं. परंतु त्याचें काम करणारे मासे आपल्या डोहांत आहेत. एक मरळ : सापासारख्या डोक्याचा, पाण्यावर येऊन हवाही घेणारा, कांठच्या गवतांत दबा धरून बसणारा. दुसरा शिवडा : खवलेरहित, रुंद जबड्याचा, लांब मिशांचा. संस्कृतांतील ‘पाठीन’ तो हाच, असें मत्स्यशास्त्रज्ञ मानतात. यांच्यासाठीं स्थिर पाण्यांत तरंगा लावावयाचा तर पहिलें काम खोली मोजण्याचें. गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणें गळाशीं जड शिसें बांधून दोरी सोडावी. तरंगा पाण्याखालीं ओढला गेला तर पाणी अधिक खोल आहे. तो आडवा पडून राहिला तर शिसें तळाला टेकलें आहे असें समजावें. दोन-चार वेळां तरंगा वरखालीं सरकवून तो जेमतेम उभा राहिला कीं खोली कळली. मग ओळंबा काढून, आमिष शेवाळाच्या वीतभर वर राहील अशा बेतानें तरंगा पक्का करावा. पाणी काठीच्या लांबीहून खोल असल्यास तरंगा दोरीवर सरकता ठेवतात आणि हव्या त्या खोलीच्या खुणेवर दोऱ्याची एक गांठ मारतात. तरंगा त्या गांठीपाशीं येऊन अडतो. दांतांनीं दोरी तुटूं नये म्हणून गळाच्या वर तार असावी. तरंगा मात्र आमिष पेलण्यापुरताच मोठा असावा. तो फार मोठा झाला तर त्याचा ओढा माशाला जाणवतो, आणि संशय आलेला मासा आमिष टाकून देतो.

अशा स्थिर पाण्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यांत फार जुना नाहीं, आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. प्रवरा, मुळा, सीना, घोड या पावसाळ्यांत दुथडी भरणाऱ्या व उन्हाळ्यांत डोहांची माळ होऊन राहणाऱ्या नद्या. स्थिर पाणी म्हणजे ते डोह, आणि मनुष्यानें मुद्दाम अडविलेलीं तळीं. १५८३ सालीं पुरा झालेला नगरचा फराहबाग महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागीं उभा होता. भातोडीचा निजामशाही तलाव तर इतिहासांत गाजला. १६२४ च्या लढाईंत मलिक अंबरानें त्याचें पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोंवतीं चिखल माजविला, असें इतिहासकार सांगतात. खरा पालट झाला तो विसाव्या शतकांत. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं हातीं घेण्यांत आलें व १९२६ सालीं पुरें झालें. सुमारें २७० फूट उंचीच्या त्या बांधामागें जो जलाशय सांचला, त्याला आर्थर हिल यांचें नांव मिळालें. धरणाला त्याचें उद्घाटन करणारे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचें. पुढें राहुरी तालुक्यांत मुळा धरण झालें; पैठणच्या नाथसागराचें पाणी शेवगांव-नेवाशापर्यंत आणि उजनीचें पाणी कर्जतच्या सीमेपर्यंत येऊन पोंचलें. पूर्वी ज्या जिल्ह्यांत स्थिर पाणी शोधावें लागे, तेथें आज तें क्षितिजापर्यंत पसरलेलें दिसतें.

शेतीला त्यानें जीवन दिलें, यांत संशय नाहीं. पण पाण्याखालीं काय घडलें? कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनच्या माशांची पाहणी केली. त्यानें माशांना लॅटिन नांवें देतांना येथील लोकांच्या तोंडचींच नांवें घेतलीं. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील घोड नदींत शिरूरपाशीं मिळालेल्या माशाला त्यानें ‘मुसुल्ला’ म्हटलें. महाशीर जातीच्या दख्खनी माशाला ‘खुदरी’. भोयांच्या बोलींतले हे शब्द आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहेत. परंतु महाशीर हा वाहत्या पाण्याचा मासा. अंडीं घालण्यास त्याला स्वच्छ, खळाळतें पाणी व गोट्यांचा तळ लागतो. धरणांनीं प्रवाह तुटला आणि त्याचें माहेरच तुटलें. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या वळवण येथील केंद्रांत त्याचीं पिलें वाढवून जलाशयांत सोडण्याचा प्रयत्न झाला, तो याच उणिवेपोटीं. जिल्ह्यांतील जलाशयांत आज जी मासळी निघते, तींत कटला, रोहू, मृगळ या मुद्दाम बीज सोडून वाढविलेल्या माशांचा मोठा वांटा असतो; मच्छीमार सहकारी संस्थांतील कुटुंबांची चूल त्यावर पेटते. हौसेनें गळ टाकणाऱ्यानें प्रथम त्यांची परवानगी घ्यावी, हें उघड आहे.

दुसरें संकट मनुष्याच्या उतावळेपणाचें. सह्याद्रीच्या डोंगरांत गेळफळ कुटून डोहांत टाकण्याची व मासे गुंगवून धरण्याची रीत जुनीच होती. पुढें सुरुंगाची दारू आली. एका स्फोटांत डोहांतले लहानमोठे सारे जीव उलटे होऊन तरंगतात. त्यांत अंड्यांवर असलेली मादी असते आणि नखाएवढीं पिलेंही असतात. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ च्या अहवालांत देशांतील माशांच्या अशा नासाडीकडे सरकारचें लक्ष वेधलें, आणि १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानें पाण्यांत स्फोटक व विष वापरणें हा गुन्हा ठरला. कायदा होऊन सव्वाशेंवर वर्षें झालीं. पण एकाकी डोहाच्या कांठीं पोलीस उभा नसतो. तेथें मनुष्याचें मन हाच कायदा.

याच ठिकाणीं मला तरंग्याचें थोरपण दिसतें. सुरुंग विचारीत नाहीं, विष विचारीत नाहीं. तरंगा मात्र आधीं खुणावतो आणि मग निर्णय आपल्या हातीं देतो. जुन्या काळीं हिंस्र माशानें आमिष पुरतें गिळेपर्यंत वाट पाहण्याची रीत होती. त्यामुळें गळ पोटांत रुते आणि मासा वांचण्याची आशा उरत नसे. आजचे जाणते लोक तरंगा हलतांच दोरी ताणतात. गळ जबड्याच्या कडेला लागतो आणि नको असलेला मासा जिवंत सोडतां येतो. पावसाळ्यांत पाण्याच्या पृष्ठावर तांबूस पिलांचा थवा घोळतांना दिसला तर त्याच्या खालीं मरळीचें जोडपें पहारा देत असतें. अशा जागीं गळ टाकूं नये. आईबाप गेले कीं तो थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. एका मरळीच्या लोभानें पुढच्या पिढीची शेंकडों पिलें घालवावयाचीं, हा हिशेब कोणत्याही गृहस्थाला पटणार नाहीं.

या जिल्ह्याला आतां जिचें नांव मिळालें आहे, त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडीस झाला. जॉन माल्कम यानें १८२३ सालीं छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतांत त्यांच्या भूतदयेचें वर्णन केलें आहे. रानांतले पशु, आकाशांतले पक्षी आणि नदींतले मासे यांनाही त्यांनीं अन्नाचा वांटा नेमून दिला होता, असें तो सांगतो. सोमेश्वर राजानेंही माशांना खाऊं घातलें, पण त्यामागें गळ होता. महेश्वरच्या घाटावरच्या त्या घांसामागें गळ नव्हता. आपण सर्वच अहिल्याबाई होऊं शकणार नाहीं. मासा हें पुष्कळांचें अन्न आहे आणि तें त्यांनीं मिळवावें. परंतु प्रवरा, मुळा अडवून हें स्थिर पाणी आपणच निर्माण केलें. त्यांत काय जगेल आणि काय संपेल, याचा जबाबही आपणांसच द्यावा लागणार. पुढच्या वेळीं भंडारदऱ्याच्या कांठीं कोणी तरंग्याकडे डोळे लावून बसलेला दिसला, तर हसूं नका. घटकाभर त्याच्या शेजारीं बसा, आणि तरंगा बुडाल्यावर तो काय करतो, तें पाहा.