वतनाचे कागद आणि आजोबांचे मौन

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांना आपली वंशावळ तीन पिढ्यांच्या पलीकडे सांगता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत आहेत, किंवा ज्यांच्या दारी हेळवी येऊन कुळाची नावे वाचून दाखवीत, त्यांना ही अडचण भासत नाही. आपल्या पूर्वजांना मंदिराचे दारच बंद होते. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मग आपल्या पूर्वजांची नावे नोंदविली कोणी? ज्यांना त्यांच्याकडून काम करून घ्यावयाचे होते त्यांनी! गावकामगार महारांची नावे दफ्तरात लिहिली गेली ती गौरवासाठी नव्हे, तर राबण्याची पाळी कोणाची हे ठरविण्यासाठी. आपल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्याने हे सत्य प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

आमचे आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत कामगार होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व अखेरपर्यंत पंचशीलाचे निष्ठेने पालन केले. परंतु सातारा जिल्ह्यातील आपल्या मूळ गावाविषयी ते कधी बोलले नाहीत. ‘गाव सुटले’ या दोन शब्दांपलीकडे त्यांनी काही सांगितले नाही. आमच्या घराण्याचा इतिहास जणू त्यांच्यापासूनच सुरू होत होता.

पुढे घरातील मुलांच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मिळविण्याची वेळ आली, आणि त्या निमित्ताने हा शोध सुरू झाला. असे पुरावे मुख्यत्वे चार ठिकाणी आढळतात. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात. शाळेचे प्रवेश रजिस्टर. जमिनीच्या फेरफार नोंदी. आणि वतनाचे कागद. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असल्याने जाणकार वाचकाचे साहाय्य घ्यावे लागते. शालेय नोंदीचे मोल किती, हे ७ नोव्हेंबर १९०० या दिवसाने आपणांस शिकविले आहे. त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत बालक भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

कागदांतील नावेही नीट वाचावी लागतात. जुन्या नोंदींत महार पुरुषांच्या नावापुढे ‘नाक’ हा प्रत्यय येतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावरील महार सैनिकांची नावे याच प्रत्ययावरून ओळखली जातात. आमच्या आजोबांचे नावही गावच्या दफ्तरात ‘नाक’ लावूनच होते. मुंबईत आल्यावर त्यांनी ते टाकले व निराळे आडनाव घेतले. त्यामुळे एकच माणूस दोन नावांनी दोन ठिकाणी नांदत होता, आणि त्या दोघांची ओळख पटविण्यास आम्हांस बराच काळ लागला.

वतनाच्या कागदात पणजोबांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून दोन मुलांची नावे आढळली. आजोबांना धाकटा भाऊ होता, हे आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हते! थोरला मुंबईस गेला व धाकट्याने वेसकरकी चालविली, असा त्या नोंदींचा आशय होता.

या चार ओळींचा अर्थ समजण्यासाठी वतनपद्धतीचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे कायद्याने गावकामगारांची वतने नियमबद्ध केली. हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणलेली बलुत्याची भाकर, या मोबदल्यात सरकारचे व गावाचे काम अहोरात्र करावे लागे. वेशीची राखण, सरकारी टपाल व सामानाची ने-आण, परगावी मृत्यूचा सांगावा पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी ती कामे होती. यातील सर्वांत क्रूर भाग असा की, हे बंधन एका व्यक्तीवर नसून संपूर्ण कुटुंबावर होते. पाळीचा माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्यास बोलावले जाई. म्हणजे एकाने साखळी तोडली की तिचा भार मागे राहिलेल्या भावाच्या गळ्यात पडे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले, ते याच गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी. प्रत्यक्षात ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. रक्कम भरून घेऊन जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद त्या कायद्यात होती. आमच्या कुटुंबाची जमीन धाकट्या भावाच्या नावे झाली. आजोबांनी हिस्सा मागितल्याची नोंद कोठेही नाही.

आजोबांच्या मौनाचा उलगडा आम्हांस येथे होतो. वेसकराच्या घरी जन्मल्याची लाज हे त्याचे कारण नसावे. भावाच्या खांद्यावर टाकून आलेल्या पाळीचे ते ओझे असावे. पुढे आम्ही त्या गावी गेलो तेव्हा धाकट्या आजोबांची नातवंडे भेटली. त्यांच्या घरी आमच्या आजोबांचे नाव ठाऊक होते. आमच्या घरी त्यांच्या आजोबांचे नव्हते.

अशा शोधाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे मार्गदर्शन दीघनिकायातील अंबट्ठ सुत्तात मिळते. पोक्खरसाति ब्राह्मणाचा शिष्य अंबट्ठ हा कुळाच्या अभिमानाने शाक्यांस हीन लेखतो. तेव्हा भगवान बुद्ध त्याचे गोत्र विचारतात व त्याच्या कण्हायन कुळाचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दिसा नामक दासीचा पुत्र होता, हे उघड करतात. हे ऐकताच सोबतचे तरुण अंबट्ठाची हेटाळणी करू लागतात. भगवान त्यांना तत्क्षणी आवरतात व कण्ह हा पुढे थोर ऋषी झाला, असे सांगतात. लपविलेली वंशावळ त्यांनी उघड केली ती गर्व मोडण्यासाठी. ती उघड झाल्यावर माणसाचा अवमान मात्र होऊ दिला नाही. आणि जो जन्माच्या व गोत्राच्या वादात गुंतला, तो विद्या व आचरण यांपासून दूर राहिला, हा या सुत्ताचा निष्कर्ष आहे.

म्हणून पूर्वजांमध्ये राजे-सरदार शोधत बसणे आपणांस शोभत नाही, आणि वेसकर सापडला म्हणून कागद दडविणेही शोभत नाही. वेसकरकी हे आपल्या पूर्वजांचे कर्मफल नव्हते, तो त्यांच्यावर लादलेला कायदा होता. तो कसा राबविला गेला आणि कोणी कोणती किंमत देऊन झुगारला, हाच आपला इतिहास होय.

आणखी एक गोष्ट. वारसांच्या या कागदांत आमच्या आजीचे, पणजीचे नाव कोठेही नाही. पुरुषांच्या पाळीसाठी केलेल्या नोंदीत स्त्रीला स्थान नव्हते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका दासीचे नाव सुत्ताने जपले, आणि आपल्या घरातील मातांची नावे मात्र आपणच विसरत आहोत. प्रत्येक विहारात एक वही असावी व तीत उपासक-उपासिकांनी आपल्या घराण्याची नावे लिहावीत, असे आम्ही सुचवितो. तीत लेकी-सुनांची नावे असावीत आणि गावी राहिलेल्या भावांचीही असावीत. ती वही पाळी ठरविण्यासाठी नसेल. आमच्या वहीत धाकट्या आजोबांचे नाव आता लिहिले गेले आहे.