नकाशाचे बिऱ्हाड

मंडळी, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आपण रोज पाहतो. पण तो कुणीतरी खपून केलेला असतो, हे विसरून जातो. एका नामांकित विद्यापीठालाही असाच विसर पडला होता. त्याची ही हकिगत.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ साली भूगोलाचे शिक्षण बंद करायचे ठरवले. हा काही विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय नव्हे, असे तिथल्या वरिष्ठांचे मत पडले. पण विषय बंद केला म्हणून गरज का बंद होते? वस्ती कुठे दाट, पाऊस कुठे किती, हे प्रश्न होते तिथेच राहिले.

१९६५ साली हॉवर्ड फिशर या वास्तुशिल्पज्ञाने त्याच हार्वर्डमध्ये एक प्रयोगशाळा काढली. भूगोलाला घर नव्हतेच, म्हणून तिचे बिऱ्हाड वास्तुरचनेच्या शाळेत! तिथे गणकयंत्राकडून नकाशे काढून घेत. छपाईच्या यंत्राला रेघ ओढता येईना, ते नुसती अक्षरे छापी. मग अक्षरावर अक्षर छापून गडद छटा आणायची, असा सारा खटाटोप.

आता तुम्ही म्हणाल, पाऊस मोजला मोजक्या गावी. मधल्या गावाचा आकडा कुठून आणायचा? डोनाल्ड शेपर्ड या तिथल्याच विद्यार्थ्याने १९६८ साली एक रीत मांडली. तिचा गाभा सोपा आहे. जवळच्याचे म्हणणे जास्त मानायचे, लांबच्याचे कमी. अंतर दुप्पट, तर वजन चौथाई. गुरुजी, फळ्यावर मांडून पाहा. दोन किलोमीटरवर ४० मिलिमीटर पाऊस पडला, चार किलोमीटरवर २०. पहिल्याचे वजन चार, दुसऱ्याचे एक. उत्तर येते ३६.

ही प्रयोगशाळाही १९९१ साली बंद झाली. पण तिथे शिकलेल्या जॅक डेंजरमंड यांनी पत्नी लॉरा यांच्यासह १९६९ सालीच कॅलिफोर्नियात संस्था काढली होती. पुढे तिची नकाशाची साधने जगभर गेली. आणि हार्वर्ड? तिथे २००६ साली भौगोलिक विश्लेषणाचे केंद्र उघडले. इतिहासाचा अभ्यासक असो वा आरोग्याचा, त्याच्या माहितीचा नकाशा करायला मदत करावी, हे त्याचे काम. दार लावल्यापासून अठ्ठावन्न वर्षे गेली होती!

मुलांकडून तो पावसाचा हिशेब एकदा करून घ्या. मग आपल्या गावात खरोखर किती पडला, तेही मोजा. आकडे जुळले नाहीत, तर मुलांना घेऊन बाहेर पडा. मध्ये एखादा डोंगर आडवा असेल. यंत्राला सांगितल्यावाचून तो दिसत नाही. तो दाखवायला जाणता माणूस शेजारी लागतो, आणि त्या जाणतेपणाचेच नाव भूगोल.