७०० एमबीचा सिनेमा

७०० एमबी हा आकडा आज कॉलेजातल्या मुलांना सांगितला, तर मोबाइलच्या एका दिवसाच्या डेटापेक्षाही तो त्यांना कमी वाटतो. आमच्या घरात मात्र २००५ आणि २००६ या दोन वर्षांत तो सर्वांना पाठ होता, अगदी अम्मीलाही. एका कोऱ्या सीडीत तेवढंच मावायचं, आणि इंटरनेटवर कुणीतरी अनोळखी माणसाने दाबून दाबून लहान केलेला सिनेमाही तेवढ्याच आकाराचा असायचा. हा योगायोग आहे असं मला तेव्हा वाटायचं. तो योगायोग नव्हता.

सीडी मुळात गाण्यांसाठी निघाली. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी तिच्यावर सिनेमा बसवायचा नमुना ठरवला, त्याला व्हिडिओ सीडी म्हणायचे. एका चकतीवर ७४ मिनिटं चित्र मावायचं. युरोप-अमेरिकेने या प्रकाराकडे जवळपास पाठ फिरवली. चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि आपल्याकडे मात्र तो घरोघरी गेला, कारण कॅसेटला बुरशी लागते, चकतीला लागत नाही, आणि चकती स्वस्त पडते. आपले सिनेमे पडले तीन तासांचे. त्यामुळे शहागंजच्या हातगाडीवरून आणलेल्या पाकिटात दोन नाहीतर तीन चकत्या निघायच्या, आणि दुसरी चकती अटकली की हिरो-हिरॉइनचं भांडण का झालं हे मोहल्ल्यात विचारत फिरावं लागायचं.

मग १९९९ साल आलं. नॉर्वेतल्या योन लेक योहान्सेन या शाळकरी वयाच्या मुलाचं नाव जिच्याशी जोडलं गेलं ती डीव्हीडीचं कुलूप उघडणारी प्रणाली त्याच वर्षी बाहेर पडली. त्याच्यावर खटला भरला गेला आणि २००३ मध्ये तो दोन वेळा निर्दोष सुटला. जेरोम रोटा या फ्रेंच माणसाने मायक्रोसॉफ्टच्या एका व्हिडिओ प्रणालीत फेरफार करून डिव्हएक्स आणलं, तेही १९९९ मध्येच. कुलूप उघडलं आणि घडी घालायची रीतही सापडली. आता घडी किती लहान घालायची? जगभर कोरी सीडी ६५० किंवा ७०० एमबीची होती, म्हणून सिनेमा तेवढा करायचा, असा अलिखित नियमच पडला. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटोरेंट काढलं आणि एकाच फाईलचे तुकडे हजार घरांतून एकमेकांना पोचू लागले. त्यांतलं एक घर औरंगाबादला आमचं होतं.

भाईजानांनी जुन्या-नव्या भागांचा कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. हार्ड डिस्क ४० जीबीची, सीडी रायटर ५२ एक्सचा. सरकारच्या २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं होतं आणि आमच्या टेलिफोनच्या तारेवरून बरोबर तेवढाच वेग यायचा. रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत, बाकी वेळ मीटर चालू. हिशेब मांडा: त्या वेगाने ७०० एमबी उतरायला कागदावरच सव्वासहा तास लागतात. मिळायचे सहा. म्हणजे रोज सकाळी आठला सिनेमा थोडक्यासाठी राहिलेला असायचा, आणि उरलेले चार-पाच टक्के दुसऱ्या रात्रीवर जायचे. मोडेमची वायर आठच्या ठोक्याला काढायची जबाबदारी माझी होती. रमजानमध्ये सोय व्हायची, सहरीला सगळेच जागे. अब्बा फजरच्या नमाजला निघताना खोलीतल्या उजेडाकडे बघून फक्त खाकरायचे.

उतरवणं सोपं, पुढचं काम खरं. ती फाईल टीव्हीखालच्या व्हीसीडी प्लेअरला कळायची नाही. तिला त्याच्या भाषेत आणायला कॉम्प्युटर तासन् तास घुमायचा, आणि नंतर तिचे दोन तुकडे करायचे. बाजारातले लोक ७४ मिनिटं झाली की डोळे मिटून कापायचे, मग गाण्याच्या मधेच चकती बदला. भाईजान आधी सिनेमा बघून मध्यंतर शोधायचे आणि तिथेच कापायचे. मग नीरो उघडून ‘सीडी मारायची’. त्या वेळात कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही, पंखाही हलू द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक. पंख्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. एखादी चकती तरीही वाया जायची आणि अम्मी तिच्यावर चहाचा कप ठेवायची.

हा धंदा नव्हता. भाईजानांनी कधी पैसे घेतले नाहीत, फारतर कोरी सीडी तुमची. पण तो कायद्याने गुन्हा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओच्या चोरीसाठी १९८४ मध्येच दुरुस्त्या झाल्या होत्या. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. तरुणपणी आम्ही ‘कंपन्या लुटतात, आपण वाटतो’ असं म्हणायचो. आज मला तो युक्तिवाद पोकळ वाटतो. लेखक म्हणून स्वतःचे लेख दुसऱ्याच्या नावावर फिरताना पाहिले की अधिकच.

तरी या नकलेतून काय काय निघालं त्याचा विचार केला की मला माझं आजोळ आठवतं. मामू मालेगावला यंत्रमागावर होते. तिथे मागांची सुट्टी शुक्रवारी, आणि शुक्रवारी व्हिडिओ पार्लरमध्ये उभं राहायला जागा नसायची. अशाच एका पार्लरच्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून सिनेमे कापायला-जोडायला शिकून घेतलं आणि काही हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. नक्कल होती, पण माणसं गल्लीतली होती, बोली गल्लीतली होती. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला. दुसऱ्याचा सिनेमा कापता कापता स्वतःचा काढण्यापर्यंत ही माणसं पोचली. भाईजान पोचले नाहीत. पण एक काम त्यांनी केलं.

मोठ्या आपाच्या निकाहची व्हीएचएस कॅसेट होती, तिच्यावर बुरशी चढू लागली होती. २००५ च्या पावसाळ्यात भाईजानांनी कुणाकडून तरी टीव्ही ट्यूनर कार्ड मागून आणलं, कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि नेहमीप्रमाणे ‘मध्यंतर’ शोधून दोन सीडी मारल्या. दादींचं हलतं-बोलतं चित्र म्हणाल तर जगात एवढंच. कॅसेट भंगारात गेली. हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून फाईलही काढून टाकली. सीडी आहे ना!

२००६ सालाबद्दल मराठवाड्यातल्या मुसलमानांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण झालं, जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले आणि ८ सप्टेंबरला, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मामूंचा फोन लागेपर्यंत रात्र झाली. त्या स्फोटांसाठी ज्या मुस्लिम तरुणांना आधी पकडलं, त्यांना विशेष न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं ते २०१६ मध्ये, दहा वर्षांनी. पण तेव्हा रोजच्या पेपरात झडतीच्या बातम्या असत आणि जप्त वस्तूंच्या यादीत पुस्तकांबरोबर एक शब्द हमखास असे: सीडी. त्यांत काय होतं हे बातमी सांगत नसे.

आमच्या कपाटात दीडशेच्या वर सीडी होत्या. बाजारच्या नजरेतून वाचायला भाईजान त्यांवर नाव लिहायचे नाहीत, फक्त आकडे. ४१-१, ४१-२. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. आयुष्यात त्यांनी सिग्नल तोडला नव्हता. रमजान सुरू झाला आणि एका रात्री तरावीहनंतर त्यांनी ते कपाट उघडायला लावलं. भाईजान म्हणाले, “अब्बा, सिनेमे आहेत नुसते.” अब्बा म्हणाले, “ते तू त्यांना सांगशील. ऐकेपर्यंत किती वर्षं जातील?” आणि शिवाय ते सिनेमे चोरीचे होतेच. निरपराध आहोत असंही म्हणता येत नव्हतं आणि ज्याची भीती वाटत होती तो आमचा अपराध नव्हता.

सीडी सहज मोडत नाही. अब्बा आणि भाईजान कात्रीने कापत बसले. वरचा चंदेरी थर शीरखुर्म्यावरच्या वर्खासारखा सुटून चटईवर पसरत होता. मी तुकडे पोत्यात भरत होतो. निकाहची जोडी त्यात होती हे ईदनंतर, आपा माहेरी आली तेव्हा कळलं. आमच्याकडे झडतीला कुणी आलं नाही. कधीच नाही.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मोझर बेअर ही कोऱ्या चकत्या बनवणारी मोठी भारतीय कंपनी. तिने २००७ च्या सुमारास खरे सिनेमेच २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी असे विकायला काढले. पोलिसांच्या छाप्यांनी जे जमलं नव्हतं ते या भावाने बरंच साधलं. सव्वासहा तास जागून कोण सीडी मारणार? २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेटही घातला, पण तोवर माल पेनड्राइव्हवर गेला होता. मोझर बेअरही टिकली नाही, २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. भाईजान आता पुण्यात असतात, तीन ओटीटींचे पैसे भरतात आणि काही बघत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मामूंच्या जनाज्यासाठी मालेगावला गेलो होतो. मामींनी ट्रंकेतून एक प्लास्टिकचं पाकीट काढून दिलं. भाईजानांनी तेव्हा एक प्रत त्यांना पाठवली होती, हे ते स्वतःच विसरले होते. चकतीवर मामींनी बॉलपेनने ‘निकाह’ लिहिलं होतं. कारखान्यात दाबलेल्या चकतीत धातूच्या थराला खड्डे असतात. घरी मारलेल्या चकतीत रंगाचा पातळ लेप असतो, लेझरने तो करपवायचा. ऊन, दमट हवा, वर्षं, सगळं त्याला खातं, आणि हा थर लेबलच्या बाजूला अगदी वरच असल्याने बॉलपेनचं टोकही पुरतं.

पैठण गेटला एका दुरुस्तीवाल्याकडे जुना ड्राइव्ह मिळाला. तीन दिवस लावून त्याने ३१ मिनिटं वाचवली. हळद आहे, मंडप आहे, खुतबा आहे, दस्तरख्वान टाकलं जातंय. अब्बांची दाढी पूर्ण काळी आहे. पडद्यामागून एक बाईचा आवाज पाणी मागतो, अम्मी म्हणते तो दादींचा, आपा म्हणते नाही. रुखसतीच्या वेळी दादी समोर येतात हे सगळ्यांना आठवतं, पण रुखसती दुसऱ्या सीडीत होती. मामींकडे पहिलीच आहे.

ती ३१ मिनिटं मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवली आहेत.