धार आहे म्हणून हत्यार नव्हे

आठवीतल्या एका मुलाने अंबड तालुक्यातल्या मामाच्या गावाहून एक दगड आणला. करडा अकीक, एका कडेला ब्लेडसारखी धार. "सर, आदिमानवाचं हत्यार आहे ना?" मलाही मोह झाला. शाळेच्या कपाटात दगड ठेवून मी चिठ्ठी लावली: 'अश्मयुगीन हत्यार'. काही महिन्यांनी ती चिठ्ठी मीच काढली.

मोह होण्याला कारण होते. पैठणसमोरच्या मुंगी गावाजवळ 1865 साली भूगर्भशास्त्रज्ञ विन यांना गोदावरीच्या जुन्या थरात प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांबरोबर अकीकाचा एक छिलका मिळाला होता. पुढे 1954 ते 56 मध्ये डॉ. ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केले. तिथल्या नदीच्या थरांतही अश्मयुगीन हत्यारे मिळाली. तीच गोदावरी पुढे आपल्या अंबड, घनसावंगीच्या कडेने वाहते. मग आपल्याकडे का मिळू नये?

पण अकीक आपल्याकडे आपोआपही तयार होतो. काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सिलिका साचून तो घडतो. पाषाण झिजला की गोटे ओढ्यात येतात, पुरात एकमेकांवर आपटतात, फुटतात. फुटलेल्या गारगोटीला धार येतेच.

मग माणसाचा हात ओळखायचा कसा? दगडाने दगडावर टोला मारला की छिलक्यावर टोल्याच्या जागेखाली फुगवटा येतो आणि तिथून लाटांसारख्या रेषा पसरतात. मात्र एवढ्याने भागत नाही. फ्रान्समध्ये 1905 साली मार्सेलँ बूल यांनी दाखवून दिले, की सिमेंट कारखान्यातल्या घुसळणीच्या यंत्रातून निघणारे गारगोटीचे तुकडे तथाकथित आदिम हत्यारांसारखेच दिसतात. म्हणून अभ्यासक एका टोल्यावर थांबत नाहीत. एकाच कडेवर, एका क्रमाने, धार काढण्यासाठी छिलके उडवलेत का? सोबत मूळ गाभा आणि कपच्या आहेत का? दगड कोणत्या थरात होता?

रेखीवपणाही पुरावा नाही. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाथरवटाने घडवल्यासारखे वाटतात. ते थंड होताना आकसलेल्या लाव्हाचे आहेत.

कुणी म्हणेल, सर्व काही अल्लाहनेच निर्माण केले, मग हा खल कशाला? माझीही तीच श्रद्धा आहे. पण पूर आणि माणूस दोन्ही त्याचेच असतील, तर या दोघांपैकी दगड कोणी फोडला, हे श्रद्धेने ठरत नाही. ते दगड पाहूनच ठरवावे लागते.

शेवटी मी मुलाला विचारले, "नेमका कुठं सापडला?" तो म्हणाला, "रस्त्याच्या कामाला आणलेल्या गोट्यांच्या ढिगात." संपले. धार आदिमानवाची, पुराची की जेसीबीच्या बकेटची, हे आता कळणार नाही. थर नदीतच राहिला, किंवा वाळूबरोबर उपसला गेला. गोदाकाठी असा रोजचा उपसा चालतो तेव्हा वाळूबरोबर आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांचा पुरावाही ट्रॅक्टरमध्ये जातो, याचे दुःख वाटते.

कपाटात आता नवी चिठ्ठी आहे: 'अकीक. गोट्यांच्या ढिगातून. कोणी फोडला, माहीत नाही.' मुलगा हिरमुसला. त्याला सांगितले, पुढच्या वेळी असा दगड दिसला तर उचलू नकोस. आधी फोटो काढ, जागा लिहून ठेव आणि मला बोलाव.